शिकवणारं इस्पितळ कुणाचं?

पोर्तुगालमध्ये आडगावी राबणाऱ्या, वेळकाळ न बघता रुग्णाच्या दारात जाणाऱ्या डॉक्टरला ‘झुआंव सेमाना’ म्हणतात. हे कुणा खऱ्या डॉक्टरचं नाव नव्हे. जुलिओ दिनिस या लेखकाच्या 1867 साली पुस्तकरूपात आलेल्या कादंबरीतलं ते एक पात्र आहे. त्याच कादंबरीत दुसराही एक डॉक्टर आहे, दानियल. तो तरुण आहे आणि पोर्तो शहरात नवी वैद्यकी शिकून गावी परतला आहे. दिनिस स्वतः पोर्तोच्या वैद्यकीय शाळेत शिकला, पुढे तिथेच शिकवूही लागला आणि 1871 साली, वयाच्या 31 व्या वर्षी क्षयाने गेला.

साहित्य मंडळाच्या अंकात इस्पितळांवर लेख कशाला, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर या दोन पात्रांत आहे. शहरातल्या शाळेत शिकलेली विद्या गावातल्या माणसापर्यंत पोचते का, हा प्रश्न पोर्तुगालच्या एका कादंबरीकाराला दीडशे वर्षांपूर्वी पडला होता. तो देश त्याचं उत्तर अजून शोधतोय. आपण गोव्यातले लोक त्या देशाशी साडेचारशे वर्षं बांधलेले होतो आणि आपलं वैद्यकीय महाविद्यालयही त्याच साच्यातून निघालेलं आहे. म्हणून तिथल्या शिकवणाऱ्या इस्पितळांची गोष्ट आपण जरा नीट बघावी असं मला वाटतं.

आधी माझं म्हणणं सरळ मांडतो. साधं इस्पितळ फक्त बरं करतं. शिकवणारं इस्पितळ बरं करतं आणि शिकवतंही. पण शिकवतो कोण? प्राध्यापक शिकवतात हे खरंच, पण खाटेवर झोपलेला रुग्णही शिकवतो. नवशिक्या हाताची पहिली सुई कुणाच्या तरी दंडात जाते. पहिली चुकलेली नाडी कुणाच्या तरी मनगटावर चुकते. सकाळच्या राउंडला दहा-बारा विद्यार्थी ज्याच्या पोटावर हात ठेवून यकृत वाढलंय का ते बघतात, तो माणूस बहुतेक वेळा जनरल वॉर्डातला असतो. स्वतंत्र खोलीत झोपणाऱ्याच्या वाट्याला हे सहसा येत नाही. म्हणजे डॉक्टरीची विद्या ही गरिबाच्या अंगावर शिकलेली विद्या आहे. तिचं कर्ज फेडायचं तर ती त्या गरिबाच्या गावापर्यंत पोचली पाहिजे. शिकवणारं इस्पितळ कुठे उभं राहतं आणि तिथून निघालेले डॉक्टर कुठे जातात, हा केवळ प्रशासनाचा प्रश्न नाही, न्यायाचाही आहे.

आता पोर्तुगालकडे वळू.

तिथे वैद्यकीचं विद्यापीठीय शिक्षण कित्येक शतकं कोइंब्रा या एकाच शहरात होतं आणि ते बरंचसं पुस्तकी होतं. 1772 साली मार्क्विस द पोंबालने विद्यापीठाचे नवे नियम केले, तेव्हा विद्यार्थ्याने इस्पितळात रुग्णाच्या खाटेशी उभं राहून शिकलं पाहिजे हे कायद्यात आलं. लिस्बनची कथा वेगळी. तिथलं ‘सर्व संतांचं इस्पितळ’ 1492 मध्ये बांधायला घेतलं होतं. 1755 च्या भूकंपाने ते मोडलं आणि पुढे रुग्णांना जेझुइटांच्या रिकाम्या झालेल्या कॉलेजात हलवलं गेलं. तेच सांव जुझे इस्पितळ. 1825 मध्ये लिस्बन आणि पोर्तो इथे शस्त्रक्रियेच्या शाळा निघाल्या. 1836 मध्ये त्या ‘वैद्यकीय-शस्त्रक्रिया शाळा’ झाल्या आणि 1911 मध्ये विद्यापीठांच्या विद्याशाखा. दिनिस शिकला तो यांपैकी पोर्तोच्या शाळेत.

विसाव्या शतकाच्या मध्यावर दोन अवाढव्य इस्पितळं उभी राहिली. लिस्बनचं सांता मारिया 1953 मध्ये आणि पोर्तोचं सांव जुआंव 24 जून 1959 रोजी, म्हणजे बरोबर आपल्या सांजावच्या दिवशी. दोन्हींचा आराखडा हेर्मान डिस्टेल या एकाच जर्मन वास्तुकाराचा. फोटो शेजारी ठेवले तर जुळी भावंडं वाटतात. एकाच छताखाली वॉर्ड, शस्त्रक्रियागृहं, प्रयोगशाळा आणि विद्याशाखा. उपचार, अध्यापन आणि संशोधन एकत्र नांदायला हवेत ही कल्पना त्या भिंतींत बांधलेली आहे.

कल्पना उत्तमच. पण अशा मोठ्या इमारतीचं एक दुखणं असतं. ती लोहचुंबकासारखी सगळं स्वतःकडे ओढते. चांगले प्राध्यापक, नवी यंत्रं आणि हुशार मुलं शहरात येतात आणि शहरातच राहतात. लिस्बन, पोर्तो आणि कोइंब्रा या समुद्राकडच्या पट्ट्यातल्या तीन शहरांत देशाची सगळी डॉक्टरी गोळा झाली. स्पेनच्या सरहद्दीकडचे डोंगराळ आणि कोरडे जिल्हे तसेच राहिले. 1970 मध्ये पोर्तुगालात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे 55 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पश्चिम युरोपातल्या देशाला शोभणारा हा आकडा नव्हता. सांता मारिया सुरू होऊन तेव्हा सतराएक वर्षं झाली होती.

इथे थोडं आपल्याकडे येतो, कारण धागा तिथेच जोडलेला आहे. 1842 मध्ये पणजीत ‘गोवा वैद्यकीय-शस्त्रक्रिया शाळा’ सुरू झाली. ‘ऑस ब्राह्मनेस’ ही कादंबरी लिहिणारे फ्रांसिस्को लुईस गोमिश हे या शाळेतून डॉक्टर झालेले. शाळा लिस्बन-पोर्तोच्या नमुन्यावर होती, पण दर्जा बरोबरीचा नव्हता. इथून उत्तीर्ण झालेल्याला खुद्द पोर्तुगालात डॉक्टरी करायची तर तिकडच्या शाळेत पुन्हा परीक्षा द्यावी लागे. मात्र आफ्रिकेतल्या वसाहतींत जायला तीच पदवी चाले. मोझांबिक, अंगोला, गिनी इथल्या आरोग्य खात्यांत गोव्याच्या डॉक्टरांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केलं. म्हणजे दूर आणि अवघड जागी कोण जाणार, याचं त्या काळचं सरकारी उत्तर होतं: ज्याची पदवी दुय्यम मानली आहे तो. केंद्रात राहणारा डॉक्टर पहिल्या प्रतीचा आणि कडेला जाणारा दुसऱ्या प्रतीचा, ही उतरंड आपल्या वाडवडिलांनी अनुभवलेली आहे. ग्रामीण सेवा म्हटली की आजही आपल्या मनात शिक्षेचाच विचार येतो, त्याची मुळं अशा व्यवस्थांत असावीत असं मला वाटतं.

25 एप्रिल 1974 ला पोर्तुगालातली हुकूमशाही कोसळली. त्यानंतर वर्षभरातच तिथे एक धाडसी गोष्ट झाली. 1975 मध्ये ‘परिघावरची वैद्यकीय सेवा’ सुरू झाली. नुकत्याच पदवीधर झालेल्या डॉक्टरांनी विशेषज्ञ होण्याआधी एक वर्ष मोठ्या शहरांबाहेर जाऊन काम करायचं. लिस्बनच्या वॉर्डांत वाढलेली मुलं-मुली गटागटाने डोंगरातल्या तालुक्यांना गेली. अनेक ठिकाणी इस्पितळ म्हणजे मिझेरिकॉर्दियाने शतकानुशतकं चालवलेली एक जुनी इमारत, जी सरकारने नुकतीच ताब्यात घेतलेली. तिथे त्यांनी बाळंतपणं केली, लसी दिल्या, जखमा शिवल्या. किती तरी गावांनी कायमचा डॉक्टर पहिल्यांदाच पाहिला.

1976 च्या राज्यघटनेने आरोग्य हा हक्क मानला. 1979 मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा झाला. त्याचे शिल्पकार आंतोनियु आर्नाउत हे कोइंब्राकडचे वकील होते आणि कविताही लिहीत. आज त्या देशात अर्भकमृत्यूचं प्रमाण हजारी 3 च्या आसपास आहे. हजारी 55 पासून 3 पर्यंतचा हा प्रवास एका योजनेचं श्रेय नाही. नळाचं पाणी, शाळा, लसीकरण, प्रसूतिगृहांची नवी रचना, पोटभर अन्न या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण डॉक्टर परिघावर पोचल्याशिवाय हे झालं असतं असं कुणी म्हणणार नाही.

तरीही ती सेवा 1982 मध्ये संपली. आणि तिच्यातली उणीव मला आजच्या आपल्या बाँडच्या चर्चेसाठी महत्त्वाची वाटते. तरुण डॉक्टर गेला, पण त्याचा शिक्षक शहरातच राहिला. वर्षभर एकट्याने झुंजायचं, हाताशी साधनं थोडी, विचारायला वरिष्ठ नाही, आणि वर्ष संपलं की परतीची गाडी. गावाला दर वर्षी नवा, अननुभवी डॉक्टर. ज्याला गाव आवडलं त्यालाही पुढचं शिक्षण घ्यायला शहरातच जावं लागे, आणि एकदा गेलेला माणूस तिथे घर करतो. विद्यार्थ्याला पाठवलं, शाळा मात्र जागची हलली नाही.

दुसरं पाऊल पडायला 2001 साल उजाडलं. त्या वर्षी उत्तरेतल्या ब्रागा इथे आणि सेरा द इश्त्रेला डोंगराच्या कुशीतल्या कोव्हिल्यां या गावी नव्या वैद्यकीय विद्याशाखा सुरू झाल्या. कोव्हिल्यां हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. गिरण्या बंद पडत गेल्या आणि तरुण माणसं बाहेर जाऊ लागली. मुंबईच्या गिरणगावाची कहाणी ज्यांनी ऐकलीय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अशा जागी वैद्यकीय शिक्षण सुरू करणं अनेकांना वेडेपणा वाटला असेल. तिथल्या इस्पितळाचं नाव पेरू द कोव्हिल्यां, म्हणजे वास्को द गामाच्या दहा वर्षं आधी मलबारचा आणि गोव्याचा किनारा बघून गेलेला याच गावचा प्रवासी.

कोव्हिल्यांचं वैशिष्ट्य असं की एकच अवाढव्य इस्पितळ बांधण्याऐवजी त्यांनी आजूबाजूची आहेत ती इस्पितळं अध्यापनाला जोडून घेतली. कोव्हिल्यां, ग्वार्दा आणि कास्तेलो ब्रांको. विद्यार्थी या तिन्ही गावांत शिकतात. तिथे येणारा रुग्ण म्हणजे मेंढपाळ, म्हातारी विधवा, गिरणीतला निवृत्त कामगार. 2009 मध्ये दक्षिणेच्या आल्गार्व्ह विद्यापीठाने आणखी वेगळा प्रयोग केला. आधी दुसऱ्या विषयात पदवी घेतलेल्यांसाठी चार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम, आणि पहिल्या वर्षापासून आरोग्य केंद्रांत प्रत्यक्ष काम.

शाळा गावात आली की काय बदलतं? प्राध्यापक तिथे राहायला येतो. तो आला की प्रयोगशाळा येते, ग्रंथालय येतं, महिन्याच्या केसचर्चा येतात. निवासी डॉक्टरला अडचणीत विचारायला कुणीतरी असतं. गावातल्या मुलाला वाटतं, हे आपल्यालाही जमेल. आणि रुग्णाला दोनशे किलोमीटर जावं लागत नाही. सक्तीने माणूस वर्षभर राहील. पण शिकायला आणि शिकवायला मिळतंय म्हटल्यावर तो आयुष्यभर राहण्याची शक्यता तरी निर्माण होते.

इतकं लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता, पण अर्धवट. आज पोर्तुगालात 15 लाखांहून अधिक लोकांना ठरलेला फॅमिली डॉक्टर नाही. लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. आणि त्यातले सर्वाधिक लोक डोंगरात नाहीत, लिस्बन आणि तेजू नदीच्या खोऱ्यात आहेत! ज्या शहरात सांता मारिया उभं आहे त्याच शहराच्या उपनगरांत. याला आपण दिव्याखाली अंधार म्हणतो. घरभाडी भडकलेली, सरकारी पगार त्या मानाने तुटपुंजा, खासगी इस्पितळं शेजारीच, आणि पलीकडे सगळा युरोप खुला. तिथल्या कायद्याने डॉक्टरवर वर्षाला 150 तासांपर्यंतच जादा कामाची सक्ती करता येते. 2023 च्या शरदात हजारो डॉक्टरांनी त्यापलीकडे काम करायला नकार दिला आणि ठिकठिकाणचे अपघात विभाग रात्रीचे बंद ठेवावे लागले. इतकी वर्षं गाडा नियमित कामाच्या तासांवर नाही, जादा तासांवर चालला होता हे त्यातून उघडं झालं.

म्हणून नुसतं ‘कॉलेज काढा’ हे उत्तर पुरेसं नाही. शिकणाऱ्या डॉक्टरला स्वस्त मजूर समजलं तर तो संधी मिळताच जाईल, मग इस्पितळ शहरात असो की डोंगरात. आपल्या ओळखीतले निवासी डॉक्टर छत्तीस तासांची ड्युटी करून घरी आलेले आपण पाहतो. ‘सेवाभाव’ हा शब्द त्यांना ऐकवणं सोपं असतं.

परीक्षेचाही एक धडा आहे. पोर्तुगालात सहा वर्षांचं शिक्षण झालं की विशेषज्ञतेची जागा मिळवायला एक राष्ट्रीय परीक्षा असते. चाळीसएक वर्षं ती हॅरिसनच्या जाडजूड ग्रंथातल्या ठराविक प्रकरणांवर चालली. शंभर बहुपर्यायी प्रश्न. मुलं त्या परीक्षेलाच ‘हॅरिसन’ म्हणत. शेवटच्या वर्षात, म्हणजे जेव्हा वॉर्डात राहून शिकायचं तेव्हाच, मुलं खोली बंद करून पानं पाठ करीत बसत. 2019 मध्ये ही परीक्षा बदलली. आता रुग्णाची हकीकत देऊन ‘पुढे काय कराल’ असं विचारणारे दीडशे प्रश्न असतात. नीट पीजीच्या तयारीला लागलेलं भावंड ज्यांच्या घरी आहे त्यांना हे वाचून काय वाटेल ते मी सांगायला नको. इस्पितळ कितीही चांगलं असलं तरी परीक्षा विद्यार्थ्याला खाटेपासून दूर ओढत असेल, तर त्या इस्पितळात शिकवायचं कुणाला?

जानेवारी 2024 पासून पोर्तुगालने जवळजवळ सगळी सरकारी इस्पितळं आणि त्यांच्या भागातली आरोग्य केंद्रं मिळून 39 स्थानिक आरोग्य एकके केली आहेत. सांता मारिया, सांव जुआंव आणि कोइंब्राही त्यात आले. म्हणजे ज्या मोठ्या इस्पितळांना फक्त आपल्या वॉर्डांचं बघायची सवय होती, त्यांच्यावर आता आजूबाजूच्या वस्त्यांतल्या आरोग्य केंद्रांचीही जबाबदारी आहे. हे जमेल की नुसत्या पाट्या बदलतील यावर तिथे जोरात वाद चालू आहेत. पण दिशा मला पटते. शिकवणाऱ्या इस्पितळाची हद्द त्याच्या फाटकाशी संपू नये.

आता गोव्याचं बघू. 1842 ची ती शाळा 1963 मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाली. कांपालची जुनी इमारत आज इफ्फीच्या पाहुण्यांनी गजबजते आणि गोमेकॉ बांबोळीच्या पठारावर आहे. तिथे ओपीडीच्या रांगेत कोण असतं? पेडणे, सत्तरी, काणकोणचे लोक असतात. तसेच दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी आणि कारवारकडचेही असतात. मराठी, कोंकणी, कन्नड सगळं कानावर येतं. 2018 च्या सुरुवातीला परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलन झालं. गोव्याची बाजूही ऐकण्यासारखी होती: खाटा मोजक्या, खर्च गोव्याच्या तिजोरीतून, आणि शेजारच्या राज्याने आपल्या जिल्ह्यात काय केलं? हा शेवटचा सवाल महाराष्ट्राला विचारलाच पाहिजे.

पण त्या वादात एक मुद्दा फारसा कुणी मांडला नाही. दोडामार्गचा तो शेतकरी गोमेकॉकडून फक्त घेत नाही, तो देतोही. माकडतापाचा किंवा लेप्टोचा ताप घेऊन आलेला, सर्पदंशाचा, काजूच्या झाडावरून पडून कणा मोडलेला रुग्ण हा इथल्या विद्यार्थ्याचा शिक्षक असतो. त्याच्याकडून शिकलेला डॉक्टर उद्या पणजीत किंवा लंडनमध्ये कुणाला तरी वाचवतो. शुल्क किती घ्यावं हे सरकारांनी आपसात ठरवावं. मात्र त्याला फुकट्या म्हणू नये.

माझ्या मागण्या तीनच आहेत आणि तिन्ही पोर्तुगालच्या अनुभवातून आलेल्या आहेत. एक, विद्यार्थ्यांच्या वॉर्डातल्या शिक्षणाचा मोठा भाग जिल्हा आणि ग्रामीण इस्पितळांत व्हावा आणि त्यांच्याबरोबर प्राध्यापकानेही तिथे बसावं. गोमेकॉचं मांडूरचं ग्रामीण केंद्र ही चांगली सुरुवात आहे. तेवढीच गोष्ट म्हापसा, फोंडा, मडगाव इथे मोठ्या प्रमाणावर करता येईल. दोन, आडगावी जाणाऱ्या डॉक्टरला बाँडची भीती दाखवण्यापेक्षा राहायला घर, विचारायला वरिष्ठ आणि पुढच्या शिक्षणाची वाट द्यावी. तीन, रुग्णाला विचारावं. ‘ही मुलं शिकताहेत, तुम्हाला तपासू दे का?’ हे एक वाक्य त्याच्या भाषेत. खर्च शून्य. आणि भाषेचा मुद्दा आला म्हणून सांगतो, आपल्या मंडळातल्या ज्या मित्रांना रुग्णाशी मराठी-कोंकणीत नीट बोलता येतं, त्यांनी सुट्टीत तासभर त्या ओपीडीच्या मदतकक्षात बसायला काय हरकत आहे? फॉर्म भरून देणं, कागद वाचून दाखवणं, कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगणं. एवढं काम आपल्यापैकी कुणालाही जमेल, आणि त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही.